सरवा

गेल्या फेब्रुवारीत आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या महिला समाजाने रूथचे पुस्तक वाचायला घेतले. पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, हे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे, त्यामुळे महिन्याच्या चार बुधवारांत ते वाचून होईल असे आम्ही ठरवले होते. दुसऱ्या बुधवारी, परदेशातून आलेली विधवा रूथ बेथलेहेमच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेले धान्य, वेचायला जाते त्या वचनापाशी पाळकीणबाईंनी वाचन थांबवले आणि विचारले, “सरवा वेचताना कोणी कोणी पाहिले आहे?” आम्ही तिसेक जणी होतो. बहुतेकींचा जन्म आणि संसार पिंपरी-चिंचवडमध्येच झालेला. हात वर झाले ते दोनच, आणि त्यांतला एक माझा होता. त्या दिवशी मी चार वाक्यांत काहीतरी सांगितले आणि खाली बसले, पण घरी आल्यावर तो शब्द मनातून जाईना. माझ्या आयुष्यात जेवढी म्हणून स्थित्यंतरे झाली, त्या प्रत्येक वेळी मला जे मिळाले त्याला हाच शब्द लागू पडतो, असे मला त्या रात्री प्रथमच वाटले.

माझे माहेर नेवासे तालुक्यातले. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते, पण आजीचा पिंड शेवटपर्यंत शेतमजुराचाच राहिला. ज्वारीची सोंगणी आटोपून पेंढ्या खळ्यावर गेल्या की मालकाच्या लेखी शेत संपलेले असे; आजीसाठी ते त्यानंतर सुरू होई. फडक्याची खोळ कमरेला बांधून ती ताटांच्या धसकटांमधून वाकून चाले आणि निसटलेले, मोडून पडलेले, मातीत दबलेले कणीस उचलून खोळीत टाके. भुईमुगाच्या रानात बोटांनी माती उकरून राहिलेल्या शेंगा काढाव्या लागत, त्यामुळे तिची नखे सदैव काळी असत. लहानपणी मी तिच्या मागे मागे हिंडत असे. मालकाच्या घरून धान्य मागून का आणत नाही, असे मी तिला एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सरवा मागायचा नसतो, पोरी. सरवा वेचायचा असतो.” तेव्हा या दोहोंतला फरक मला कळला नव्हता. तो कळायला माझी पन्नाशी उलटावी लागली.

आजीला हा धडा तिच्या आईकडून मिळाला होता. माझी पणजी 1899–1900 च्या दुष्काळात आईबाप गमावून मिशनच्या अनाथाश्रमात आली, तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असावी. तिला आपले गाव नक्की सांगता येत नव्हते. एक ओढा आणि एक चिंचेचे झाड एवढेच आठवत होते. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घराण्यांची कुळकथा अशाच एखाद्या दुष्काळापासून सुरू होते. यावरून ‘पोटासाठी धर्म घेतला’ असे ऐकवणारे लोक मला आयुष्यभर भेटत आले आहेत. त्यांच्याशी वाद घालावासा आता मला वाटत नाही. मात्र एवढे मला मनापासून सांगायचे आहे की, भुकेल्या मुलीला ज्या हाताने भाकरी दिली त्या हातावर तिने विश्वास ठेवला यात मला काहीही उणे दिसत नाही, आणि तो विश्वास पुढे सुबत्तेच्या दिवसांतही तिने सोडला नाही, हे त्या लोकांना ठाऊक नसते.

आजीला अक्षरओळख नव्हती, पण गीतपुस्तकातली शंभराहून अधिक गीते तिला तोंडपाठ होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते तिच्या विशेष आवडीची. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत, आणि त्यांनी आमच्या उपासनेला ओवी आणि अभंग दिले. टिळकांचा मुक्काम काही काळ आमच्या शेजारच्या राहुरीला होता, त्यामुळे ते आपल्याच गावचे असल्यासारखे आजी त्यांच्याविषयी बोले. जात्यावर बसली की ती टिळकांचे अभंग म्हणे, आणि ती चाल जात्याच्या फेऱ्याने ठरलेली असे. हे सांगायचे कारण म्हणजे, पुढे परक्या शहरात त्याच चालीने मला पहिला आधार मिळवून दिला.

1985 साली लग्न होऊन मी पिंपरीला आले. यजमान कारखान्यात होते. दोन खोल्यांचे घर, तीन पाळ्यांचे वेळापत्रक, आणि कोणीही कोणाला ओळखत नाही अशी चाळ. खेड्यात माझी ओळख ‘मास्तरांची मुलगी’ अशी होती; इथे मी कोणाचीच कोणी नव्हते. पहिल्या रविवारी चर्चला गेले तर तिथेही परकेपणाच वाटला. नगरकडे पेटी, तबला आणि झांजांवर म्हटली जाणारी आमची गीते इथे ऑर्गनवर, पाश्चात्त्य चालीत म्हटली जात होती. शब्द तेच, पण चाल अनोळखी असल्यामुळे मला एकही गीत म्हणता येईना. नव्या सुनेने गप्प उभे राहावे आणि शेजारच्या बाईने ते पाहावे, असे दोन-तीन रविवार झाले.

चौथ्या रविवारी उपासना संपल्यावर त्या शेजारच्या बाई माझ्याकडे वळल्या. “जय ख्रिस्त” म्हणून झाल्यावर त्यांनी माझी विचारपूस केली नाही, करमते का असे विचारले नाही. त्यांनी विचारले, “तुमच्याकडे हे गीत कुठल्या चालीत म्हणतात?” मी घाबरत घाबरत दोन ओळी हळू आवाजात म्हणून दाखवल्या. त्यांनी आणखी चौघींना हाक मारली. पुढच्या बुधवारी महिला समाजात मी उभी राहून आजीची जात्यावरची चाल शिकवत होते आणि माझ्या आईच्या वयाच्या बायका ती माझ्या मागून म्हणत होत्या. त्या दिवशी मी घरी परत आले तेव्हा पिंपरी माझी झाली होती. त्या बाई एका शाळेतून निवृत्त व्हायला आलेल्या शिक्षिका होत्या आणि सगळी मंडळी त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत असे. मीही त्यांना बाईच म्हणेन.

त्यानंतरची तीस वर्षे मी भराभर ओलांडून जाते, कारण ती सुखाची होती आणि सुखाच्या वर्षांविषयी सांगण्यासारखे थोडेच असते. मुलाचा बाप्तिस्मा, त्याचे दृढीकरण, नाताळात घरोघर फिरणाऱ्या गायनमंडळासाठी रात्री दोन वाजता केलेला चहा, उपवासकालातल्या शुक्रवारच्या प्रार्थनासभा, 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीची उपासना. वर्षाला या सगळ्यांचा कणा होता, आणि तो कणा आहे हे निरोगी माणसाला जाणवत नाही तसे मलाही जाणवत नव्हते.

2016 च्या ऑगस्टमध्ये यजमान गेले. आजार सात आठवड्यांचा. ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले, असे आमच्या पद्धतीप्रमाणे पत्रिकेत छापले गेले आणि मी ते वाक्य परत परत वाचत बसले. झोपलेल्या माणसाच्या श्वासाचा आवाज मी 31 वर्षे ऐकला होता, आणि ही झोप तशी नव्हती.

सांत्वनाला पुष्कळ माणसे आली. त्यांतल्या काहींच्या बोलण्याने मला फार त्रास झाला, हे मी लपवत नाही. देवाने आपल्या बागेसाठी चांगले फूल खुडले, ही त्याची योजना आहे, रडू नका नाहीतर विश्वास कमी आहे असे दिसेल, अशी वाक्ये मी हात जोडून ऐकत होते आणि आतून दगड होत होते. जो देव बागेसाठी फुले खुडायला माझ्या घरात शिरतो त्याच्याशी मला बोलायचे नव्हते. पवित्र शास्त्रातल्या ईयोबाच्या पुस्तकात, मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र भेटायला येतात तेव्हा आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. त्या सात दिवसांत त्यांनी मित्राचे कर्तव्य पुरेपूर केले. आठव्या दिवसापासून त्यांनी देवाच्या वतीने खुलासे द्यायला सुरुवात केली, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्या खुलाशांवर रागावलेला दिसतो. सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने जाण्यापूर्वी ईयोबाचा दुसरा अध्याय वाचावा आणि तिथेच थांबावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

मी चर्चला जाणे सोडले नाही, पण शेवटच्या बाकावर बसू लागले, आणि माझे गाणे बंद झाले. गीताची पहिली ओळ आली की घसा आवळून येई. मी पुस्तक उघडून उभी राहत असे आणि बाकीचे म्हणत असत. त्या दिवसांत मला एक गोष्ट हळूहळू उमगली. मी गप्प असल्याने गीत थांबत नव्हते. माझ्या वाट्याचा स्वर दीडशे माणसे मिळून भरून काढत होती आणि त्याबद्दल मला कोणी विचारत नव्हते. घरात एकटी असताना माझी श्रद्धा माझ्यापुरती होती आणि ती कोसळली होती. त्या बाकावर मात्र ती माझ्या एकटीच्या जिवावर उभी नव्हती.

यजमान गेल्यानंतरच्या सप्टेंबरात एका संध्याकाळी बाई घरी आल्या. तोवर त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते आणि त्या माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून मुलाकडे राहत होत्या. त्यांच्या हातात जुने, कापडी बांधणीचे पवित्र शास्त्र होते. त्या म्हणाल्या, “माझी दृष्टी फार अधू झाली आहे. स्तोत्रसंहिता एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची इच्छा आहे. रोज एक स्तोत्र वाचून दाखवशील का?” म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणवेना. रविवार सोडून दररोज सहा वाजता त्या येत, खुर्चीवर बसत, मी एक स्तोत्र वाचत असे, चहा होई, आणि त्या जात. यजमानांचा विषय त्या स्वतःहून कधीच काढत नसत. मी काढला तर ऐकून घेत. एखादी ओळ माझ्या हातून गाळली गेली तर त्या डोळे मिटूनच ती म्हणत आणि मी मागे जाऊन वाचत असे.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र नाताळच्या आठवड्यात आले. शेजारच्या घरांवर तारे टांगलेले होते आणि माझ्या घरावर नव्हता. ज्यांनी हे स्तोत्र वाचले असेल त्यांना माहीत आहे की विलापाची बाकीची स्तोत्रे कुठे ना कुठे वळण घेतात आणि शेवटी स्तुतीपाशी येतात, पण हे वळत नाही. ते आरोळीने सुरू होते आणि अंधारात संपते. आप्तमित्र दूर गेले, उरला तो काळोख, आणि तिथे पूर्णविराम. मी वाचून थांबले. मला ते सहन होईना, म्हणून मी घाईने पान उलटून पुढचे स्तोत्र वाचायला लागले, जे परमेश्वराच्या वात्सल्याच्या गाण्याने सुरू होते. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “एकोणनव्वदावे उद्या,” त्या म्हणाल्या. “आज अठ्ठ्याऐंशीच.” आम्ही दोघी दिवा न लावता बराच वेळ तशाच बसून राहिलो. यजमान गेल्यानंतर माझ्या दुःखाला कोणी घाई केली नाही असा तो पहिला दिवस होता, आणि ती परवानगी मला खुद्द पवित्र शास्त्राने दिली होती. ज्या पुस्तकाने असे स्तोत्र वगळले नाही, त्या पुस्तकावर मला पुन्हा विश्वास ठेवता आला.

एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात 176 वचने आहेत. त्यालाच आम्हाला आठवडाभर लागला. मार्चच्या मध्याला आमची संहिता पूर्ण झाली. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी बाईंची सून बाजारात भेटली तेव्हा बोलता बोलता म्हणाली की, आई रोज पहाटे स्वतः भिंग घेऊन तासभर वाचतात, आणि स्तोत्रे तर त्यांना तरुणपणापासूनच पाठ आहेत.

रूथच्या दुसऱ्या अध्यायात शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना एक आज्ञा देतो, तिच्यापाशी मी या वर्षी पुन्हा पोहोचले तेव्हा मला बाईंची खुर्ची दिसली. सरव्याचा हक्क मोशेच्या नियमशास्त्रातच दिलेला आहे. शेताचे कोपरे पूर्ण कापू नका, विसरून राहिलेली पेंढी आणायला माघारी जाऊ नका, ती उपरी (म्हणजे परका माणूस), पोरके आणि विधवा यांच्यासाठी राहू द्या, असे लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत सांगितले आहे. बवाज त्याच्याही पुढे जातो. तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे उपसून तिच्यासाठी पडू द्या, आणि ती वेचील तेव्हा तिला धमकावू नका. रूथला हे माहीत नसते. आपण आपल्या कष्टाने वेचले, असेच समजून ती संध्याकाळी एफाभर सातू घेऊन घरी जाते. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून मदत करणाऱ्याने कणीस सांडल्यासारखे करावे, हे मला दानधर्माच्या सर्व उपदेशांपेक्षा मोठे वाटते. माझी विधवा म्हणून कोणी कीव केली असती तर मी दार लावून घेतले असते. बाईंनी माझ्याकडून काम मागितले, म्हणून मी ते उघडले.

आमच्या मंडळीत ही रीत एकट्या बाईंची नव्हती, हे त्याच वर्षीच्या हंगामाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत मला दिसले होते. या उपासनेला प्रत्येक कुटुंब आपल्या कमाईतले प्रथमफळ म्हणून काहीतरी आणते. गावाकडे धान्य आणि कोंबड्या, शहरात फळे, नारळ, घरी केलेले पदार्थ. आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. त्या नोव्हेंबरात माझे नेण्याचे मन नव्हते. कशाची उपकारस्तुती करायची? पण जूनमध्ये यजमानांनी गच्चीवरच्या पिंपात लावलेल्या वेलाला एक भोपळा धरला होता, तो लावणारा गेल्यावर पिकला होता, आणि तो चिरायची मला हिंमत होत नव्हती. तो पदराखाली झाकून मी नेला आणि वेदीपाशी ठेवला. लिलावाच्या वेळी पाळकसाहेबांनी तो उचलून फक्त एवढेच सांगितले की हा कोणी लावला होता. शंभर रुपयांपासून बोली सुरू झाली. यजमानांच्याच कारखान्यातल्या एकाने तो घेतला, पैसे भरले आणि भोपळा परत लिलावाला दिला. दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत दिला. असा तो चार वेळा विकला गेला. शेवटी एका कॉलेजच्या मुलाने, ज्याला यजमानांनी लहानपणी सायकल शिकवली होती, खिशातले होते तेवढे पैसे देऊन तो घेतला, आणि घरी नेण्याऐवजी माझ्या हातात ठेवला. “काकू, भाजी करा, मी जेवायला येतो.” तो आला. मी भोपळा चिरला. त्या दिवशी घरात तीन महिन्यांनी पहिल्यांदा दोन ताटे मांडली गेली.

पुढच्या वर्षी महिला समाजाची सहल केडगावला गेली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने जेमतेम दोन तासांचा प्रवास. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मी पूर्वीही गेले होते, पण विधवा म्हणून पहिल्यांदाच जात होते, आणि त्यामुळे त्यांचे आयुष्य मला वेगळ्याच रीतीने दिसले. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच 1882 मध्ये पती गेले, तेव्हा रमाबाई 23 वर्षांच्या होत्या आणि त्यांची मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. पुढे दुष्काळात त्यांनी शेकडो मुली आणि बालविधवा केडगावला आणल्या. माझी पणजी ज्या पिढीची होती तीच ही पिढी. या मुलींना त्यांनी नुसते जेवू घातले नाही. शेती, विणकाम, छापखाना यांत प्रत्येकीच्या हाताला काम दिले. रमाबाईंच्या उतारवयात मनोरमाही 1921 च्या जुलैमध्ये गेली. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम तेव्हा चालू होते. एकुलत्या एका लेकीनंतर रमाबाई नऊ महिनेही जगल्या नाहीत, पण 1922 च्या एप्रिलमध्ये जाण्यापूर्वी त्यांनी ते काम पुरे केले. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मराठीत आणताना त्यांना काय झाले असेल, याचा विचार करत मी तिथल्या झाडाखाली बसले होते. परतीच्या गाडीत बायकांनी गाणी म्हणायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या की चौथ्या गीताला माझ्या लक्षात आले की मीही म्हणत आहे.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि चर्चचे दार बंद झाले. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि 12 एप्रिलचा पुनरुत्थानदिन आम्ही मोबाइलच्या पडद्यावर केला. काहींना ते सोयीचे वाटले. मला ती उपासना कधी उपासना वाटली नाही, कारण तिथे प्रत्येकाचा आवाज बंद ठेवावा लागे आणि मी ज्या आवाजांवर उभी राहिले होते तेच नेमके ऐकू येत नसत. पण त्याच काळात तरुण संघाची मुले एकट्या राहणाऱ्यांच्या दारात किराणा ठेवून जात होती. मी चौकशी केली तेव्हा एक जण म्हणाला की घाऊक घेतल्यामुळे सामान जास्तच आले आहे, ते संपवायला तुम्हीच मदत करा. मी मदत केली.

2021 च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या, वार्धक्याने, झोपेत. अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती आणि त्या विसांत त्यांच्या मुलाने माझे नाव घातले. कब्रस्तानात तोंडावर मुखपट्टी बांधून आम्ही लांब लांब उभे होतो. गीत सुरू करायला कोणी पुढे होईना, कारण गायनमंडळातले कोणीच नव्हते. तेव्हा मी आजीची जात्यावरची चाल धरली. ती चाल तिथल्या जुन्या बायकांना बाईंनी 1985 मध्ये माझ्याकडूनच शिकायला लावली होती, त्यामुळे दुसऱ्या ओळीपासून त्या माझ्यासोबत आल्या.

2022 मध्ये मुलगा नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेला. आता तो तिथे उपरी आहे. सुरुवातीचे काही महिने त्याच्या आवाजातच मला ते ऐकू येई. मग एका रविवारी त्याने फोनवर सांगितले की तो ज्या लहानशा चर्चला जातो तिथल्या एका वृद्ध जोडप्याने उपासनेनंतर खुर्च्या आवरायला त्याची मदत मागितली, कारण त्यांची पाठ दुखते. आता दर रविवारी तोच खुर्च्या आवरतो. हे ऐकून मी इतकी का हसले आणि का रडले, हे त्याला कळले नाही, आणि मी सांगितले नाही.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या मंडळीत नवापूरकडची एक तरुण परिचारिका येऊ लागली आहे. तिची मायबोली मावची. मराठी ती जपून, शब्द शोधत बोलते. आईवडील गावी, वसतिगृहाची खोली, रात्रपाळ्या. उपासनेला ती शेवटच्या बाकावर बसते, माझ्या जुन्या जागेवर, आणि पुस्तक उघडून नुसती उभी राहते. रूथच्या पुस्तकाच्या शेवटी तिची सासू नामी हिच्या मांडीवर नातू येतो तेव्हा त्याचे नाव ठेवतात त्या बेथलेहेमच्या शेजारणी. ‘मला नामी म्हणू नका, मला मारा म्हणा, कारण मी भरलेली गेले आणि रिकामी परत आले’ असे पती आणि मुलगे गमावून परतलेल्या नामीने ज्यांना सुनावले होते, त्याच या शेजारणी. ते सुनावणे त्यांनी ऐकून घेतले होते आणि त्या तिथेच थांबल्या होत्या.

त्या मुलीला गुरुवारी सुट्टी असते. दोन आठवड्यांपूर्वी मी तिला गाठून सांगितले की माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आहे, बारीक अक्षर नीट दिसत नाही, तर संध्याकाळी येऊन स्तोत्रे वाचून दाखवशील का. नंबर वाढला आहे हे खरे आहे. ती म्हणाली की तिचे मराठी वाचन चुकते. मी म्हटले, चुकले तर मी सांगेन. काल तिने दुसरे स्तोत्र वाचले, दोन ठिकाणी अडखळली, आणि चहा घेताना विचारत होती की गच्चीवरचा तो वेल कसला आहे.